तीन वेगांचा किनारा: जिरोना ते पोर्तबोउ, दहा दिवस

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्लानेस गावापासून फ्रान्सच्या सीमेपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्याला कोस्ता ब्रावा म्हणतात. ब्रावा म्हणजे रांगडा. त्याचा उत्तरेकडचा मोठा तुकडा सप्टेंबरच्या शेवटी तिघांनी दहा दिवसांत केला. खडकाळ भाग पायी, सपाटी सायकलवर, आणि रात्र कॅम्परमध्ये, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीत. सायकली दोनच होत्या, कारण तिसऱ्याने गाडी पुढच्या मुक्कामी न्यायची. सारथी रोज बदलायचा.

या किनाऱ्यासाठी कॅम्परइतकी गैरसोयीची गाडी नाही आणि तिच्याइतकं सोयीचं स्वयंपाकघरही नाही. समुद्राकडे उतरणारे रस्ते अरुंद आहेत, किनाऱ्यालगतच्या बऱ्याच पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटर उंचीचा लोखंडी आडवा दांडा असतो आणि गाडी असते पावणेतीन मीटर उंच. त्यामुळे ती जितकी कमी हलवाल तितकी सहल चांगली होते.

कागदपत्रांबद्दल थोडंच. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओत काढून ठेवायचा, वर्षभर चालतो. साडेतीन टनांपर्यंतची कॅम्पर साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, पण या साडेतीन टनांत माणसं, सायकली आणि पाणीही धरलेलं असतं. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढले. दोन कॅम्पिंगांमध्ये (तंबू-कॅम्परच्या मुक्कामाच्या जागांमध्ये) तीस किलोमीटरचं अंतर असेल तर वीस-पंचवीस लिटर पुरतं. मागे सायकलींचा स्टँड असेल तर त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची पाटी लावावी लागते. गाडी घेतानाच ती मागून घ्यावी. उंची, रुंदी आणि लांबी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवायची. वळणावर उंचीची पाटी दिसल्यावर आठवत बसायला वेळ नसतो.

पहिला दिवस: जिरोना ते सान फेलिउ दे गिशोल्स (सायकल, सुमारे ४० किमी)

या मार्गावर १८९२ ते १९६९ पर्यंत एक छोटी रेल्वे धावायची. रूळांची रुंदी ७५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडी जास्त. रूळ काढले, वाट ठेवली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे ही वाट कुठेच दमवत नाही. जिरोनापासून ल्यागोस्तेरापर्यंत हळूहळू चढते आणि तिथून समुद्राकडे लांबलचक उतार लागतो. म्हणूनच ती जिरोनाकडून सान फेलिउकडेच करावी. दुपारी समुद्रावरून येणारा वारा तोंडावर असतो, पण तोवर उतार हाताशी आलेला असतो.

वाटेवर डांबर नाही. ठिसूळ झालेल्या ग्रॅनाइटचा दाबलेला भुसा आहे, त्याला तिथे साउलो म्हणतात. पाऊस पडून गेला तरी चिखल होत नाही. त्याचे बारीक कण मात्र साखळीला आणि ब्रेकच्या पॅडला चिकटतात आणि तिसऱ्या दिवसापासून किरकिर ऐकू येते. संध्याकाळी साखळी फडक्याने कोरडी पुसून एकेका कडीवर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि वरचं तेल पुन्हा पुसून घ्यायचं. ओली साखळी वाळू धरते. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर इथे बरोबर बसतात. रेसिंग सायकलचे बारीक टायर खडीत घसरतात.

पहिलं मोठं गाव क्वार्त, काळ्या मातीच्या भांड्यांचं. पुढे कासा आणि ल्यागोस्तेरा ही बुचाची गावं. बूच म्हणजे एका ओकच्या झाडाची साल. साधारण नऊ ते बारा वर्षांनी एकदा उन्हाळ्यात ती कुऱ्हाडीने सोलून काढतात, आणि झाड मरत नाही. सोललेला बुंधा गेरूसारखा तांबडा दिसतो. वाटेकडेला असे तांबडे बुंधे दिसले की शॅम्पेनच्या बाटल्यांची बुचं कुठून येतात ते कळतं.

सायकलस्वारांसाठी तिथल्या कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे. अंधारात दिवे आणि चकाकणारं जॅकेट लागतं. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. ओव्हरटेक करणाऱ्या मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेकजण ते पाळतात. पुण्या-मुंबईत सायकल चालवलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मागे कोणी हॉर्न का वाजवत नाही, याचाच धसका बसतो.

दुसरा दिवस: सागारो आणि पालामोसचा लिलाव (पायी)

सान फेलिउच्या पुढचं सागारो ही १९२४ पासून आखून वसवलेली बंगल्यांची वसाहत. तिच्या खालून सान पोलच्या पुळणीपासून सा कोंकापर्यंत फरसबंद पायवाट जाते. कमानी, पायऱ्या आणि खाली निळं पाणी. तासाभराचा, चपला घालूनही जमेल असा हा तुकडा आहे. पुढच्या वाटेची चव इथे घेता येते.

या वाटांना कामी दे रोंदा म्हणतात, म्हणजे गस्तीची वाट. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला शिपाई या वाटांनी रात्री फिरायचे. आज त्या कोट्यवधींच्या बंगल्यांच्या अंगणातून जातात याचं कारण १९८८ चा किनारा कायदा. समुद्राच्या कडेपासून सहा मीटरांची पट्टी पादचाऱ्यांना मोकळी ठेवावी लागते, मग जमीन कोणाचीही असो.

कोकणातल्या माणसाला इथे एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते: भरती-ओहोटी. भूमध्य समुद्रात पाणी फार तर हातभर वर-खाली होतं. म्हणून वाटा अगदी पाण्याला टेकून कोरता आल्या. धोका येतो तो पूर्वेकडच्या वाऱ्याचा. त्याला ल्येवांत म्हणतात. तो दोन दिवस वाहिला की लाटा वाटेवर चढतात. जानेवारी २०२० च्या ग्लोरिया वादळाने असे कितीतरी तुकडे उखडून नेले होते. वाट बंदची पाटी दिसली तर निमूट वरच्या रस्त्याने जावं. पुढची पायरीच नसते.

संध्याकाळी पालामोस बंदर. मासेमारी बोटी चार-साडेचारपासून परततात आणि लगेच लिलाव होतो. आपल्याकडे धक्क्यावर बोली चढत जाते, इथे भाव वरून खाली उतरत येतो. फलकावरचा आकडा घसरत असतो आणि ज्याला परवडेल तो बटण दाबून त्याला थांबवतो. घाई केली तर महाग पडतं, वाट पाहिली तर माल दुसऱ्याचा. म्हणून सगळे गप्प असतात. मासळीबाजारातली ती शांतता जरा अंगावर येते. बंदरातच मासेमारीचं संग्रहालय आहे, लिलाव पाहायची चौकशी तिथे करावी.

इथली लाल कोळंबी समुद्राच्या तळाशी असलेल्या दऱ्यांमधून, कित्येकशे मीटर खोलीवरून येते. तव्यावर खडेमीठ पसरायचं, ते तडतडलं की कोळंबी सालासकट ठेवायची, एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला त्याहून थोडं कमी. वर काही घालायचं नाही. डोकं चोखून खायचं, खरी चव तिथेच असते. बोटी शनिवार-रविवार बाहेर पडत नाहीत, त्यामुळे सोमवारी दुपारी ‘ताजी’ म्हणून समोर येणारी मासळी शुक्रवारची असते.

तिसरा दिवस: पालामोस ते कालेया (पायी, निवांत चार तास)

ला फोस्काच्या पुळणीवरून निघालं की अर्ध्या तासात साल्गेर लागतं. खडकाच्या कुशीत कोळ्यांच्या जुन्या खोल्यांची एक रांग, प्रत्येक दार वेगळ्या रंगाचं. त्यापुढे कास्तेलची पुळण. मागे पाईनचं रान, एकही इमारत नाही. हे आपोआप झालेलं नाही. इथे मोठी वसाहत उठणार होती. १९९४ मध्ये पालामोसच्या लोकांनी गावात मतदान घेऊन ती नाकारली. शेजारच्या टेकाडावर दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या इबेरियन वस्तीचे, म्हणजे रोमनांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या लोकांच्या वस्तीचे, पाये आहेत.

वाटेवरच्या खुणा अशा: जीआर ९२ या लांब पल्ल्याच्या वाटेला पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे. ही वाट पोर्तबोउपासून कातालोनियाच्या, म्हणजे स्पेनच्या या ईशान्येकडच्या प्रांताच्या, दक्षिण टोकापर्यंत जाते. पट्टे वळलेले दिसले की वळण. फुली दिसली की चुकलात, मागे फिरा. घोटाळा बहुधा पुळण संपते तिथे होतो, कारण वाळूत खूण रंगवता येत नाही. पुळणीच्या टोकाला पायऱ्या नाहीतर पाईनमधली फट शोधावी.

काप दे प्लानेसच्या समोर फोर्मिगेसची बेटं दिसतात. फोर्मिगेस म्हणजे मुंग्या. १२८५ मध्ये त्यांच्याजवळ कातालान आरमाराने फ्रेंचांना हरवलं होतं. नंतर काप रोच बागेला वळसा घालून वाट एल गोल्फेतच्या पुळणीवर उतरते आणि तिथून खडकात खणलेल्या बोगद्यांतून कालेयात शिरते. या शेवटच्या टप्प्यात ऊन मावळतीचं असावं. सप्टेंबरअखेर सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा निघण्याची वेळ त्यावरून ठरवा.

माणशी दोन लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यातल्या पुळणीवरच्या टपऱ्या सप्टेंबरअखेर बऱ्याच ठिकाणी उचललेल्या असतात.

चौथा दिवस: कालेया, ल्याफ्रांक, तामारिउ (पायी)

कालेया ते ल्याफ्रांक अर्धा तास, सपाट, हातात आइस्क्रीम धरून होणारा. ल्याफ्रांकनंतर मात्र खरा चढ. सान सेबास्तियाच्या दीपगृहापर्यंत सुमारे १७० मीटर उंची एका दमात घ्यावी लागते. दीपगृह १८५७ चं. शेजारी टेहळणी बुरूज, देऊळ आणि पुन्हा एक इबेरियन वस्ती. पुढे वाट काला पेद्रोसा या गोट्यांच्या छोट्या खाडीत उतरते आणि परत चढते. अंतर चार-पाच किलोमीटरच आहे, पण दोन तास धराच. उतारावर पाईनच्या सुक्या सुयांचा थर असतो आणि त्यावर पाय बेअरिंगवर ठेवल्यासारखा सटकतो. जाड ट्रेकिंग बुटांची गरज नाही. तळ झिजलेले बूट मात्र नकोत.

तामारिउला दुपारचं जेवण. कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक खानावळींत ‘मेनू देल दिया’ मिळतो: दोन पदार्थ, शेवटी गोड, पाव आणि पाणी किंवा वाइन, सगळं ठरलेल्या किमतीत. वेळ एक ते साडेतीन. चार वाजता गेलात तर स्वयंपाकी निघून गेलेला असतो, आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी कोणी देत नाही. या मधल्या खिंडीत भारतीय पोट सापडतं. कॅम्परमधला गॅस कामाला येतो तो याच वेळी.

शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत, पण नीट विचारावं लागतं. ‘मांस नको’ म्हटलं तर डुकराचं सुकं मांस आणि ट्यूना यांना ते मांसात धरतीलच असं नाही. तिन्ही नावं घेऊन नकार द्यावा: कार्न (मांस), पेर्निल (डुकराचं सुकं मांस), पेइश (मासे). एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजून सोललेलं वांगं आणि सिमला मिरची, वर ऑलिव्ह तेल. आपल्या भरतातला मसाला काढून घेतला आणि लांब पट्ट्या तशाच ठेवल्या तर जे होईल ते. पालक, बेदाणे आणि चिलगोजे यांची भाजीही मिळते. तीत मांसाचे तुकडे आहेत का ते मात्र विचारा. टोमॅटो-पाव तर सगळीकडे. भाजलेल्या पावावर आधी लसूण घासायची, मग अर्धा कापलेला पिकलेला टोमॅटो साल उरेपर्यंत घासायचा, मग मीठ, शेवटी तेल. तेल आधी घातलं तर पाव टोमॅटोचा रस पीत नाही.

पाचवा दिवस: बेगुर आणि पाल्सची भातशेती (सायकल)

बेगुर उंचावर आहे. इथले लोक एकोणिसाव्या शतकात क्युबाला गेले आणि पैसा कमवून परतल्यावर त्यांनी गावात व्हरांड्यांची, रंगवलेल्या छतांची घरं बांधली. अशा परतलेल्या लोकांना इंदियानोस म्हणतात. मुंबईच्या चाकरमान्याने गावी बांधलेल्या घरासारखाच हा मामला. बांधणाऱ्याला थोडी ऐट हवी होती आणि ती घरांवर दिसते.

बेगुरहून पाल्सकडे उतरलं की डोंगर संपतात आणि अचानक भातखाचरं सुरू होतात. सप्टेंबरअखेर पीक पिवळं असतं, कापणी यंत्रं फिरत असतात आणि त्यांच्यामागे बगळ्यांचे थवे. बांधावरून सायकल चालवताना रत्नागिरीच्या माणसाला उगाच ओळखीचं वाटतं. फक्त नांगर, बैल आणि चिखल यांपैकी काहीच दिसत नाही.

पाल्सचा तांदूळ कॅम्परमध्ये शिजवायचा असेल तर थोडं शास्त्र पाळावं. बोम्बा जातीचा तांदूळ माणशी ८० ते १०० ग्रॅम, त्याच्या तिप्पट गरम रस्सा. आधी बारीक कांदा मंद आचेवर अर्धा तास, अगदी तपकिरी होईतो, मग किसलेला टोमॅटो आटवायचा. हा सोफ्रेजित म्हणजे आपलं वाटण समजा, यात घाई चालत नाही. तांदूळ धुवायचा नाही. रस्सा ओतल्यावर एकदाच सारखा पसरायचा आणि नंतर चमचा लावायचा नाही. ढवळलं की पिठूळ होतो. १७-१८ मिनिटांत होतो, पाच मिनिटं झाकून ठेवायचा. बिघडतं ते भांड्यामुळे: कॅम्परची शेगडी लहान, लोक हौसेने पाएलाचा (स्पॅनिश भाताचा) रुंद तवा घेतात, मग मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. २६ सेंटिमीटरचं जाड बुडाचं भांडं घ्यावं आणि तिघांपुरतंच करावं. छताची झडप उघडी ठेवायची, नाहीतर रात्री अंथरुणाला कांद्याचा वास येतो.

कॅम्पिंगमधल्या विजेबद्दल एक सूचना. निळ्या तीन पिनांच्या जोडणीवर बऱ्याच ठिकाणी सहा अँपिअरच मिळतात, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. दोन हजार वॅटची किटली लावली की खटका पडतो, आणि खटक्याची पेटी कुलूपबंद असते. चहा गॅसवरच करावा.

सहावा दिवस: लेस्काला आणि एम्पुरिएस

लेस्काला हे खारवलेल्या अँचोवीचं गाव. आपली मांदेली याच कुळातली. डोकं आणि आतडी हाताने काढून पिंपात एक थर मासे, एक थर मीठ असं रचतात, वर वजन ठेवतात आणि महिनोन्महिने मुरू देतात. मिठातली बरणी विकत घेतली तर मासे पाण्याखाली धुवून दहा मिनिटं भिजवायचे, मधला काटा उचलून काढायचा, टिपून कोरडे करायचे आणि तेलात ठेवायचे. तेलातल्या तयार डब्यापेक्षा ही बरणी जास्त टिकते आणि प्रवासात गळतही नाही.

गावापासून पायी अर्ध्या तासावर एम्पुरिएस. इ.स.पू. सहाव्या शतकात फोकाया शहरातल्या ग्रीक व्यापाऱ्यांनी इथे ठाणं वसवलं. एम्पोरिओन या नावाचाच अर्थ बाजारपेठ. इ.स.पू. २१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी लढायला रोमन सैन्य इथेच उतरलं, आणि १३ जून १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकची ज्योतही ग्रीसहून इथेच आली. तिकीट काढून अवशेष पाहाच, पण पुळणीवरचा ग्रीक धक्का पाहायला तिकीट लागत नाही. मोठाल्या दगडांची ती भिंत वाळूत उभी आहे आणि मुलं तिच्या सावलीत टॉवेल टाकतात.

सातवा दिवस: वारा

आइग्वामोल्सच्या पाणथळीतून सायकलने कास्तेल्योपर्यंत जायचं, असा बेत होता. एल कोर्तालेतला निरीक्षणाच्या झोपड्या आहेत, करकोचे बाराही महिने दिसतात. वसंतात गेलात तर वीणीच्या काळात पुळणीवरचा काही भाग बंद असतो, तेव्हा आतली वाट धरावी. बेत अर्ध्यावर राहिला, कारण त्रामुंताना सुटला.

त्रामुंताना हा उत्तरेचा वारा. पिरेनीज ओलांडून तो एम्पोर्दाच्या मैदानावर कोसळतो आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढेही जातो. आभाळ मात्र निरभ्र, रंग लखलखीत, फोटो काढावासा वाटेल असा दिवस. त्यामुळेच नवखा माणूस फसतो. आदल्या संध्याकाळी डोंगरावर बशीसारखे गुळगुळीत ढग स्थिर दिसले, तर समजावं. शेतांच्या कडेला सरूच्या झाडांच्या उंच भिंती पूर्व-पश्चिम का लावल्यात आणि जुन्या घरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडक्या का कमी, तेही त्या दिवशी उलगडतं.

कॅम्परमध्ये करायची कामं, याच क्रमाने: गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री गुंडाळा. वर उचलणारं छत असेल तर खाली घेऊन कुलपं लावा. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. कुशीवर वारा घेतला तर रात्रभर झोपाळा होतो. छताच्या झडपा बंद. आणि दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याने दार हिसकलं की बिजागरी वाकते, दार नीट लागत नाही, आणि भाड्याच्या विम्यात हे बहुधा बसत नाही. सारथ्याने त्या दिवशी गाडी रस्त्यावर काढू नये. सायकलवाल्यांनी परतीचा रस्ता वाऱ्याच्या दिशेने आहे याचा आनंद मानू नये. आडव्या झोताने माणूस मधल्या पट्ट्यावर जातो.

वारा थांबायची वाट पाहताना शेजारच्या तंबूतल्या कातालान आजोबांनी शांतपणे खुर्ची गाडीच्या दक्षिणेला लावली आणि वर्तमानपत्राच्या चारही कोपऱ्यांवर एकेक गोटा ठेवला. गोटे घरून आणलेले होते.

आठवा दिवस: कादाकेस आणि काप दे क्रेउस (पायी)

रोसेसहून कादाकेसचा रस्ता वळणावळणांचा आहे आणि गावात कॅम्परला रात्री थांबायला परवानगी नाही. गाडी रोसेसच्या कॅम्पिंगमध्ये सोडून बसने जावं.

मुक्कामाचा नियम इथेच सांगितलेला बरा. स्पेनच्या वाहतूक खात्याच्या दृष्टीने पार्क केलेल्या गाडीत झोपणं म्हणजे कॅम्पिंग नव्हे, पण चाकांखेरीज काहीही जमिनीला टेकता कामा नये, खिडकी किंवा छत्री गाडीच्या बाहेर येता कामा नये, आणि थेंबभर सांडपाणी गळता कामा नये. बाहेर एक खुर्ची मांडली की ते कॅम्पिंग झालं. समुद्रकाठच्या सरकारी पट्ट्यात आणि काप दे क्रेउससारख्या राखीव क्षेत्रात तर रात्रीचा मुक्काम मनाईच. या किनाऱ्यावर गावोगावी स्थानिक बंदीच्या पाट्या आहेत, त्यामुळे फुकट झोपायच्या नादात दंड भरण्यापेक्षा कॅम्पिंग बरं. काही कॅम्पिंगं सप्टेंबरअखेरीस बंद होतात, तेवढं आधी पाहावं.

कादाकेसच्या गल्ल्यांत पातळ दगड उभे रोवून फरसबंदी केली आहे. ओल्या दगडावरून उतरताना भिंतीला हात लावून चालावं, गावातली म्हातारी माणसंही तशीच चालतात. पोर्त लिगातला चित्रकार दालीचं घर आहे. आत लहान लहान गटांनी सोडतात, त्यामुळे तिकीट आधी काढल्याशिवाय जाऊ नये.

कादाकेसपासून काप दे क्रेउसच्या दीपगृहापर्यंत सुमारे सात किलोमीटर, अडीच तास, वाटेत पाणी नाही, सावली नाही. इबेरियन द्वीपकल्पाचं हे सर्वांत पूर्वेकडचं टोक. खडक असे कुरतडलेले की हत्ती, गरुड, उंट काहीही दिसावं. जवळच्या तुदेलात १९६० च्या दशकात फ्रेंच सुट्टी-क्लबचं चारशे खोल्यांचं गाव उभं राहिलं होतं. १९९८ मध्ये भाग राखीव झाला, पुढे क्लब बंद पडला, आणि २००९-१० मध्ये सगळं गाव पाडून मलबा वाहून नेला. बाहेरून आणून लावलेली झाडं काढली. आता तिथे एक पायवाट आणि खडक आहेत. कुठे काय होतं हे ओळखू येत नाही, फक्त वाट एके ठिकाणी विनाकारण रुंद आहे.

नववा दिवस: सान पेरे दे रोदेस

पोर्त दे ला सेल्वाजवळच्या सेल्वा दे मार खेड्यातून चढायला दोन तास. मठ समुद्रापासून पाचशेएक मीटर उंच, त्याच्या चर्चचं पवित्रीकरण १०२२ सालचं. चढावर दोन्हीकडे दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतात, वर काहीच पिकत नाही. ही द्राक्षमळ्यांची बांधबंदिस्ती. १८७९ मध्ये फ्रान्समधून फायलोक्सेरा ही कीड आली, मुळं खाल्ली, मळे गेले आणि बऱ्याच बांधांवर झुडपं माजली. तीच झुडपं आता उन्हाळ्यात पेटतात. सोमवारी मठ बंद असतो.

दहावा दिवस: पोर्तबोउ

ल्यान्सा ते पोर्तबोउ पायी चार तास, मधे कोलेरा. पोर्तबोउ हे आडबाजूचं गाव रेल्वेने मोठं केलं. स्पेनच्या रूळांची रुंदी १६६८ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त आठ मिलिमीटर कमी. फ्रान्सची १४३५. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना, पोर्तबोउ आणि सेर्बेर, अशी अवाढव्य स्थानकं झाली. नेरळला उतरून गाडी बदलावी तसं इथे अख्खं युरोप गाडी बदलायचं. आज ती छपराखालची जागा बहुतेक वेळ रिकामी असते.

१९३९ च्या हिवाळ्यात स्पेनच्या यादवी युद्धात हरलेले लाखो लोक याच डोंगरांतून फ्रान्सकडे गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये, नाझींपासून उलट्या दिशेने पळत आलेल्या वाल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकाचा अंत या गावात झाला. दफनभूमीजवळ दानी काराव्हान या शिल्पकाराने १९९४ मध्ये केलेलं स्मारक आहे: गंजक्या पोलादाचा बोगदा, पायऱ्या सरळ समुद्राकडे उतरतात आणि अर्ध्यावर काच आडवी येते. पायऱ्या खड्या आहेत आणि पावसात फार घसरड्या होतात.

परतीला दोघं सायकलींसह आर-११ गाडीने जिरोनाला. प्रादेशिक गाड्यांत सायकलला वेगळं तिकीट नाही, फक्त डब्यात जागा हवी. पोर्तबोउहून गाडी रिकामी निघते म्हणून इथूनच चढावं. सारथी गाडी घेऊन फिगेरेसमार्गे आला. एपी-७ या महामार्गावर २०२१ पासून टोल नाही. गाडी परत देण्यापूर्वी कॅम्पिंगमध्येच शौचालयाची कॅसेट (मैल्याची सरकती पेटी) ओतून दोनदा खळबळायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, डिझेल भरायचं. हे शहरात करायला जागा मिळत नाही. गाडी ताब्यात घेणाऱ्या माणसाने टाकी, कॅसेट, काचा कशाकडेच पाहिलं नाही. त्याने आधी सरकतं दार दोनदा उघडून लावलं, मग पुढच्या दारांपाशी वाकून बिजागऱ्यांवरून अंगठा फिरवला.